दोनशे अकरा

आमच्या अरिल्ये गावात पोरांची उंची देवाच्या आधी डॉक्टर ठरवतात. पोरगं बारा-तेरा वर्षांचं झालं आणि वर्गात सगळ्यांच्या वर डोकं काढून बसायला लागलं, की बास्केटबॉल क्लबचा कोच त्याला दवाखान्यात नेतो. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडांच्या टोकाशी अजून किती वाढ शिल्लक आहे ते डॉक्टर बघतात आणि आकडा सांगतात. मग त्या आकड्याबरहुकूम पोराला घडवायचं. आकडा लहान आला तर चेंडू घेऊन पळणारा गार्ड घडवायचा, मोठा आला तर बास्केटखाली उभा राहणारा सेंटर. पोराला खेळता येतं का, हा प्रश्न त्यानंतरचा.

तादिया ग्लिशिचचा आकडा आला दोनशे अकरा सेंटिमीटर.

तो घेऊन दवाखान्यातून बाहेर आला तादियाचा बाप, मिलिसाव. डॉक्टर वेलिमिरांसमोर तो एकटाच बसला होता. पोरगं बाहेरच्या बाकावर होतं आणि कोच स्वेतोमिर फाटकापाशी सिगरेट ओढत होता. मिलिसावने दारातूनच दोन्ही हात वर केले आणि आकडा ओरडून सांगितला. तो रास्पबेरीचा ट्रक चालवायचा. दुपारपर्यंत ज्या ज्या शीतगृहाशी ट्रक थांबला तिथे तिथे दोनशे अकरा पोहोचले. संध्याकाळी एक्स-रे स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटला. त्यातून ऊन आलं की लेकाचं मनगट टेबलावरच्या पावावर उमटायचं.

बाजारात तुरी म्हणतात तसं पुढच्याच आठवड्यात मिलिसावने सुताराकडून पलंग करून आणला, भावी सेंटरला पाय पसरून झोपता येईल एवढा. तो दारातून आत जाईना, म्हणून चौकट काढावी लागली.

"अहो, यात आत्ता दोन पोरं मावतील," तादियाची आई रुझित्सा म्हणाली.

"आत्ताचं कोण बघतंय?" मिलिसाव म्हणाला. "पाय येतील."

त्या वर्षीच्या स्लावाला घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. कुळाच्या संताच्या या दिवसाचं आमंत्रण आमच्याकडे कुणी कुणाला देत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. म्हणून माणसाचं वजन त्या दिवशी बरोबर कळतं. असतील शितं तर जमतील भुतं. ज्यांनी मिलिसावला रस्त्यात कधी ओळख दिली नव्हती ते लोक उझित्सेहून गाडी करून आले, उकडलेल्या गव्हाचा चमचा तोंडात टाकून पोराच्या खांद्यावर हात ठेवून गेले. डॉक्टर वेलिमिरही आले होते. ते दर वर्षी यायचे. त्या वर्षी मात्र लवकर उठून गेले.

स्वेतोमिर शाळेत पीटी शिकवायचा आणि संध्याकाळी क्लबच्या पोरांना बास्केटबॉल. शिकवायचा कसून, ते नाकारता येणार नाही. तादियाला त्याने रिंगकडे पाठ करून उभं केलं आणि पाच वर्षं तिथून हलू दिलं नाही. पाठीमागचा खेळाडू कुठल्या पायावर भार देतोय ते कमरेने ओळखायचं, मान न वळवता कोण कुठून धावत येतंय ते बघायचं आणि बरोबर त्याच्या हातात चेंडू द्यायचा, नाहीतर एका हाताने वरून रिंगमध्ये सोडायचा. चेंडू आपटत मैदानभर फिरायचं नाही.

"ते बुटक्यांचं काम," स्वेतोमिर म्हणायचा. "तू राजासारखा उभा राहा. चेंडू तुझ्याकडे येईल."

पंधराव्या वर्षी तादिया एकशे सत्त्याऐंशी झाला आणि थांबला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मिलिसाव दर महिन्याला त्याला नव्या चौकटीला टेकवून पेन्सिलीने रेघ मारायचा. मग रेघा एकमेकींवर पडायला लागल्या आणि चौकटीवर नुसती एक जाड काळी पट्टी झाली. बाकीची पोरं एकेक करून तादियाच्या पुढे गेली. मिलिसाव म्हणे, आमच्या घराण्यात उशिराच वाढतात, माझा काका तर लष्करात गेल्यावर वाढला. दूध, साय, डुकराची चरबी यांचा मारा सुरू झाला. अंगणात लोखंडी दांडा बसवला आणि जेवणाआधी पोराने त्याला लटकायचं असा नियम झाला. स्वेतोमिर म्हणाला, पुन्हा एकदा एक्स-रे काढू. मिलिसाव भडकला.

"त्या म्हाताऱ्याकडे पुन्हा? ज्याला हाडं वाचता येत नाहीत त्याच्याकडे?"

झालं. सगळं खापर डॉक्टरांच्या डोक्यावर फुटलं. गावाने त्यांचं नावच 'दोनशे अकरा' ठेवलं. पोटदुखी घेऊन गेलेला माणूसही विचारायचा, डॉक्टर, नक्की पोटच ना? डॉक्टर काही बोलले नाहीत. स्लावाला यायचे मात्र बंद झाले.

पण खरं खापर फुटलं होतं ते तादियाच्या मनात, आणि ते कुणाला दिसलं नाही. त्याला वाटायचं, आपणच कुठेतरी कामचुकारपणा केला. दूध अर्धं सांडून दिलं होतं, दांड्यावरून लवकर उतरलो होतो. झोपण्याआधी तो भिंतीवरच्या देवदूत मिहाइलोच्या तसबिरीसमोर उभा राहून कुजबुजायचा: माफ कर, उद्यापासून नीट करतो, पण वाढव. मग त्या लांबलचक पलंगावर आडवा व्हायचा आणि पाय ताणून ताणून झोपायचा.

बापाने त्याला कधी दोष दिला नाही. तेच जड जायचं. एकशे सत्त्याऐंशी हा शब्द मात्र मिलिसावने तोंडातून एकदाही काढला नाही. कुणी विचारलं की, "नव्वदच्या वर गेलाय, अजून चालू आहे." तादिया शेजारी उभा असायचा. आपण आहोत तेवढे आहोत, हे बाबांनी एकदा म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पुढे त्याला पुष्कळ काही मिळालं, पण ही भूक गेली नाही.

सतराव्या वर्षी स्वेतोमिरने त्याला बाकावर शेजारी बसवलं. मैदानात एक नवा पोरगा ताडासारखा उभा होता.

"तुला खोटं सांगत नाही," स्वेतोमिर म्हणाला. "सेंटर म्हणून तू अर्धी प्लेट आहेस. आणि गार्ड म्हणावं तर तुला चेंडू आपटता येत नाही."

"तुम्हीच आपटू दिला नाहीत, सर."

"तू दोनशे अकरा होणार होतास. मी काय करू?"

"मग मी तरी काय करू?"

स्वेतोमिरने खांदे उडवले. "वाढायचं होतंस."

काफान्यात, गावच्या खानावळीत, मिलिसावची खिल्ली सुरू झाली. "काय मिलिसाव, पलंगाची अर्धी बाजू भाड्याने देतोस का? माझा मेव्हणा यायचाय." त्या नोव्हेंबरात स्लावाला जवळचे नातेवाईक तेवढे आले. रुझित्साने केलेल्या सारम्या, कोबीच्या पानातल्या खिम्याच्या गुंडाळ्या, आठवडाभर पुरल्या. मिलिसावने क्लबच्या हॉलमध्ये पाऊल टाकायचं सोडलं ते सोडलंच.

तादियाने उन्हाळाभर शीतगृहात पेट्या उचलल्या. शरदात शेजारच्या पोझेगाच्या क्लबमध्ये गेला. खालची लीग, गळका हॉल, आणि कोच ल्युबिंको दिवसा घरोघरी विजेची कामं करणारा. त्याने तादियाला घेतलं ते दहा जण पुरे करायला.

आणि मग सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच्या एका गार्डचा घोटा मुरगळला, दुसऱ्याला ताप आला.

"चेंडू पलीकडे तू ने," ल्युबिंको म्हणाला.

"मला येत नाही."

"इथे कुणाला काय येतं? हरवू नकोस म्हणजे झालं."

गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. पहिल्या दोन वेळा समोरच्या चपळ, बुटक्या गार्डने चेंडू तादियाच्या हातातून झोपलेल्या माणसाची टोपी काढावी तसा काढून नेला. लोक हसले. तिसऱ्या वेळी तादिया घाबरला आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं: जे येत होतं ते. त्या गार्डकडे पाठ फिरवली, चेंडू पुढे पोटाशी सुरक्षित ठेवून हळू हळू आपटत, कमरेने त्याला ढकलत उलटा चालत निघाला.

प्रेक्षकांत कुणीतरी ट्रक मागे घेताना वाजतो तसा आवाज काढला. बीप, बीप. हॉल खदखदून हसला. समोरचा कोच ओरडला, "माणसासारखा समोरून खेळ की रे."

पण तो बुटका गार्ड मागे मागे सरकत होता. गार्डच्या आयुष्यात असा प्रसंग येत नाही. त्याला पळणाऱ्याला अडवायला शिकवतात, अंगावर रेलणाऱ्याला नाही. रिंग जवळ आली, त्याच्या मदतीला दुसरा धावला, आणि धावताना त्याने ज्याला मोकळं सोडलं त्याच्या हातात चेंडू पडला. तादियाने तिकडे बघितलंही नव्हतं. पाच वर्षं तो हेच करत आला होता, फक्त आता त्याच्या पाठीला लागून डोंगराएवढा सेंटर नव्हता, त्याच्यापेक्षा हलकं पोरगं होतं. पुढच्या वेळी मदतीला कुणी आलं नाही, तेव्हा त्याने एका हाताने वरून सोडून दिला. सामना संपेपर्यंत बीप-बीप चालूच होतं, पण आता ते आपलेच लोक करत होते आणि टाळ्याही वाजवत होते.

"हे कुणी शिकवलं तुला?" ल्युबिंकोने विचारलं.

"कुणी नाही. मला दुसरं काही येत नाही."

"मग शिकूही नकोस."

तिथून त्याचं नाव पडलं रिव्हर्स. पोझेगाची टीम वरच्या लीगमध्ये गेली, आणि रिव्हर्स बेलग्रेडला. तिथल्या कोचने पहिल्याच दिवशी त्याला समोर तोंड करून खेळायला लावलं, दोन आठवडे डोकं धरून बसला आणि म्हणाला, "बरं बाबा, उलटा तर उलटा." तरी पहिलं वर्ष तो बाकावरच बसून होता. पेपरवाल्यांनी लिहिलं की खालच्या लीगमधली गंमत मोठ्या माणसांसमोर चालत नाही. मग अथेन्सच्या टीमशी सामना होता आणि आपली टीम वाईट हरत होती. आता बिघडायचं काय उरलंय, म्हणून कोचने त्याला आत टाकलं. ग्रीक गार्ड त्या वर्षीचा सगळ्यांत महागडा खेळाडू होता. तादियाने त्याला पाठीवर घेतलं आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत खाली ठेवलं नाही. टीम तरीही एका बास्केटने हरली, पण दुसऱ्या दिवशी लोक हरल्याबद्दल बोलत नव्हते.

दोन वर्षांत तो टीमचा कप्तान झाला, युरोपच्या सर्वोत्तम पाच जणांत आला. त्याच्या नावाचे बूट निघाले. स्पेनमधले कोच आपल्या गार्डांना पाठ वळवायला शिकवू लागले, आणि बेलग्रेडच्या अंगणांत पोरं एकमेकांना ढुंगणाने ढकलत उलटी चालू लागली. हे सगळं ज्याला बघायचं त्याने बघितलं.

मिलिसाव बघायला आला नाही. तिकीट पाठवलं की ट्रक असायचा, ट्रक नसला की गुडघा. तो सामने काफान्यात बघायचा आणि मुलाखती मात्र न चुकता द्यायचा. "एकशे ब्याण्णव आहे, बूट न घालता," तो पेपरवाल्यांना सांगायचा. एकदा टीव्हीवर म्हणाला, "त्या डॉक्टरने चूक केली नसती, पोरगं पूर्ण वाढलं असतं, तर आज कुठे असतं विचार करा." टीमच्या बसमध्ये सगळ्यांनी ते बघितलं. पोरं हसली. तादियाही हसला, आणि त्या संध्याकाळी जेवला नाही. सत्ताविसाव्या वर्षी, गळ्यात पदक असताना, तो बापाच्या लेखी अजून अर्धवट वाढलेलाच होता.

त्या वर्षी स्लावाच्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली आणि तो घरी आला.

पुन्हा मुंगी शिरायला जागा नव्हती. उझित्सेच्या गाड्या परत आल्या होत्या. स्वेतोमिर टेबलाच्या मानाच्या जागी बसून सांगत होता की पाठीवरचा खेळ त्याने मुद्दामच शिकवला. घरचा मालक स्लावाला दिवसभर बसत नाही. मिलिसाव राकिया या फळांच्या दारूच्या ग्लासांचा ट्रे घेऊन पाहुण्यांत फिरत होता.

दुपारी दार उघडून डॉक्टर वेलिमिर आत आले. पार वाकले होते. त्यांनी क्रूसाची खूण केली, गव्हाचा चमचा घेतला.

"मुलाला बघायला आलो," ते म्हणाले. "टीव्हीवर हल्ली नीट दिसत नाही."

मिलिसावने ट्रे दुसऱ्या पाहुण्याकडे वळवला. पण आलेल्याला परत पाठवत नाहीत.

"या, या, दोनशे अकरा," स्वेतोमिर म्हणाला. तो तीन ग्लास पुढे होता. "चष्मा आणलाय ना? मग शोधून द्या बघू याचे राहिलेले चोवीस सेंटिमीटर."

टेबल हसलं. डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

"हसू नका, खरं सांगतो," स्वेतोमिर थांबेना. "या माणसामुळे माझी पाच वर्षं वाया गेली. पहिल्यापासून गार्ड केला असता पोराला."

आत्ता तर मुद्दाम शिकवलं म्हणत होता, पण राकियाला मागचं आठवत नाही. डॉक्टर त्याच्याकडे बघतही नव्हते. ते मिलिसावकडे बघत होते, रागाने नाही, उशिरा येणाऱ्या बसची वाट बघावी तसे. तादियाच्या ते लक्षात आलं.

"गप्प बस, स्वेतोमिर," मिलिसाव म्हणाला. "त्यांनी दोन आकडे सांगितले होते."

"कसले दोन?"

"एकशे पंच्याऐंशीपासून दोनशे अकरापर्यंत. बहुतेक नव्वदच्या आतच राहील, असंही म्हणाले. मी वरचा घेऊन बाहेर आलो."

रुझित्सा सारम्यांचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिने ते खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं?"

"पहिल्या वर्षी वाटलं, वाढेल. मग पलंग झाला होता, गावभर झालं होतं. मग सांगायचं राहिलं."

"आणि तुम्ही का गप्प बसलात?" कुणीतरी डॉक्टरांना विचारलं.

"पेशंटच्या बापाने सांगायचं ते," डॉक्टर म्हणाले. "मी कोण?"

तादिया उठून उभा राहिला.

"बाबा, मी झोपताना रोज माफी मागायचो," तो म्हणाला. "वाढत नाही म्हणून. मला वाटायचं, माझीच काहीतरी चूक आहे."

"माहीत आहे," मिलिसाव म्हणाला. "पलीकडची खोली आमचीच. ऐकू यायचं."

मिलिसाव ट्रे धरून जागचा हलेना. पाहुणे खोळंबले होते, आणि स्लावाच्या घरात कुणीतरी ओतत राहावंच लागतं. तादियाने त्याच्या हातून ट्रे घेतला. पहिला ग्लास डॉक्टरांना दिला, मग टेबलाभोवती फिरला, आणि शेवटचा बापापुढे धरला. मिलिसावने तो घेतला. तादिया त्याच्याशी अवाक्षर बोलला नाही, आणि अंधार पडायच्या आत बेलग्रेडला निघून गेला.

गाव आता म्हणतं, बरंच झालं मिलिसाव खोटं बोलला. खालचा आकडा सांगितला असता तर तादिया चारचौघांसारखा गार्ड झाला असता, रिव्हर्स कुठला? हिशोब चुकीचा नाही. पण म्हणायला काय जातं? भिंतीपलीकडून पोराची कुजबुज गावाने ऐकली नव्हती. तादियाने स्वतःही हा विचार करून पाहिला, आणि त्याने राग काही कमी झाला नाही. दोन महिने त्याने घरी फोन केला नाही. बाप खोटारडा निघाला याचा राग होता, आणि त्या रागाखाली, लाज वाटावी एवढं हलकं वाटत होतं. त्याने काहीच चुकवलं नव्हतं. दूध सांडलं असतं काय आणि प्यायलं असतं काय.

फेब्रुवारीत एका सामन्यानंतर तो मैदानाच्या कडेला बसून घोट्याची पट्टी सोडत होता, तेव्हा त्याला कठड्यापाशी मिलिसाव दिसला. लग्नातला कोट घालून, हातात टोपी धरून उभा होता. तिकीट स्वतः काढून आला होता. एका पेपरवाल्याने त्याला ओळखलं आणि माइक पुढे केला.

"काका, कार्यक्रमपत्रिकेत तुमच्या मुलाची उंची एकशे ब्याण्णव छापलीय. मैदानात तर तेवढा वाटत नाही. नक्की किती?"

मिलिसावने तादियाकडे बघितलं. तादियाने पट्टी सोडणं थांबवलं.

"एकशे सत्त्याऐंशी," मिलिसाव म्हणाला. "लिहून घ्या. तो पहिल्यापासून तेवढाच होणार होता."